एक पौंड धान्य आणि नीरेचे पाणी

जानेवारी 1877 मध्ये मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर नवा मजुरी दर लागू झाला. हलक्या समजल्या जाणाऱ्या कामांवर पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य विकत घेता येईल एवढे पैसे आणि वर अर्धा आणा मिळू लागला. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांचे मत असे, की एवढ्यात माणूस तगून काम करू शकतो. हिशेब करून पाहावा. एक पौंड म्हणजे साधारण 453 ग्रॅम. तेवढ्या ज्वारीतून सुमारे 1550 उष्मांक मिळतात. वरचा अर्धा आणा मीठ, मिरची, तेल, सरपण यांतच जाणार. आज आपल्या आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मते जड अंगमेहनत करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला जवळपास 3500 उष्मांक लागतात. त्या काळची माणसे अंगाने लहान होती, हा आक्षेप रास्त आहे. पण माणूस 50 किलोचा धरला, तरी याच प्रमाणात गरज 2600 च्या पुढे जाते. माती खणणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या माणसाला सरकार त्याच्या गरजेच्या दोन-तृतीयांशही धान्य देत नव्हते. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या दराला उघड विरोध केला. त्यांची मागणी दीड पौंड धान्याची होती, आणि त्याच्या जोडीला डाळ व भाजीपाला हवा असेही त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी तर कामेच सोडली. उपाशी माणसाने हातची मजुरी सोडून निघून जावे, यापेक्षा त्या दराविरुद्ध मोठा पुरावा कोणता असणार?

हा मजूर एरवी काय खात होता, हे पाहायला पुणे जिल्ह्यातल्या बारामती-इंदापूरकडे येऊ. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात होती. भीमथडी आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले, जेमतेम 500 मिलिमीटर पावसाचे. इथले पारंपरिक जेवण मात्र घटकांच्या दृष्टीने कमी प्रतीचे नव्हते. रब्बीची ज्वारी आणि माळरानावरची बाजरी हा पाया. त्यावर हुलगा, मटकी, तूर. श्रावण-भाद्रपदात बांधावरचा तांदुळजा, घोळ. सकाळी ताकातल्या कण्या, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात. बाजरीतले लोह गव्हातांदळापेक्षा जास्त. धान्य आणि कडधान्य एकत्र खाल्ल्याने एकातली प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते, हे प्रयोगशाळेने सांगण्याच्या आधीपासून इथल्या शेतात ज्वारी-बाजरीत तूर-मटकीचे आंतरपीक होते.

या जेवणाची दुखती बाजू होती ती प्रमाणाची आणि सातत्याची. पाऊस हुकला की पाटीतली भाकरी आधी कमी होई, कडधान्य तर दिसेनासेच होई. म्हणून पेव होते. जमिनीत खोल खड्डा खणायचा, आतून कडबा आणि भुसा लावायचा, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकायचे. चांगल्या सालातली ज्वारी त्यात काही वर्षे टिकायची. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत आत कोणी उतरायचे नाही, नाही तर माणूस गुदमरून जायचा. पण पेव भरायला शिल्लक लागते, आणि 1876 पर्यंत ती उरली नव्हती. ब्रिटिश अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांची 1836 ची सुधारित जमाबंदी याच इंदापुरातून सुरू झाली. तीस वर्षांनी तिची मुदत संपताच सारा भरमसाट वाढवण्यात आला. साऱ्यासाठी कर्ज, कर्जासाठी खळ्यावरूनच धान्य सावकाराकडे. 12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या आठवडे बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, कर्जरोखे जाळले. वर्षभरातच पाऊस दगा देऊन गेला. म्हणजे दुष्काळ येण्याआधीच घरातले धान्य गेले होते. त्या मोसमाचा पाऊस हे फक्त शेवटचे कारण.

त्यानंतर सरकारने केलेले काम खरोखर मोठे होते. भाटघरला धरण बांधले, 1885 मध्ये नीरा नदीच्या डाव्या कालव्याला पाणी सोडले. पुरंदर, बारामती, इंदापूर अशी सुमारे दीडशे किलोमीटरची ही वाट. कल्पना सरळ होती: थोडे थोडे पाणी लांबवर पसरायचे, म्हणजे अवर्षणातही ज्वारी हातची जाणार नाही. पुरेसे आणि सकस, दोन्ही अंगांनी हे तालुके सावरण्याची एवढी चांगली संधी आधी कधी आली नव्हती. पण काळी जमीन ओल धरून ठेवते. चांगल्या पावसाच्या साली शेतकरी ज्वारीला पाणी मागेना, पाणीपट्टी वसूल होईना, आणि कालवा तोट्यात दिसू लागला. इथे निर्णयाची दिशा बदलली. भुकेपासून वाचवण्यासाठी बांधलेल्या कालव्याचे मोजमाप महसुलाने होऊ लागले. सरकारने उसाला हात दिला. पुणे भागात कार्यकारी अभियंता असलेल्या विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर गट पद्धत बसवली. तिच्यात गटाच्या ठरावीक हिश्श्यातच ऊस आणि बाकीच्यात भुसार पिके असा समतोल होता. पण ऊस वाढतच गेला. अति पाण्याने जमिनी खारवू लागल्या, इतक्या की 1910 मध्ये कृषिशास्त्रज्ञ हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तरी साखर कारखाने येतच राहिले: 1934 मध्ये वालचंदनगरचा, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरचे.

उसाने या भागात पैसा आणला, आणि पैसा आला की अन्न विकत घेता येते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. शाळा-महाविद्यालये, दूध संघ, पक्की घरे उसाच्या उत्पन्नावर उभी राहिली. 1972 च्या दुष्काळात तर सरकारी कामांवर सुकडी मिळाली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसे कामावर होती, आणि 1877 सारखे मृत्यू टळले. त्याच अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली. ही कमाई मोलाची आहे. पण हे पैसे पाण्यामागून जातात. सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा, कालव्याच्या टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे इंदापूरकर आणि बीड-नगरकडून कोयता घेऊन येणारा ऊसतोड मजूर यांच्या ताटात ऊस त्याच प्रमाणात उतरत नाही. आणि ज्यांच्या हाती पैसा आला, त्यांच्याही जेवणातून हुलगा-मटकी मागे पडून साखर आणि रेशनचा गहू-तांदूळ पुढे आला. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार उष्मांक असतात, दुसरे काही नाही. राज्यात धान्य मुबलक असताना पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आणि पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची उंची खुरटलेली आढळली. हे आकडे पोट भरण्याविषयीचे नाहीत, ताटात काय आहे याविषयीचे आहेत.

जुने जेवण मला परत आणायचे आहे, असा अर्थ कोणी काढू नये. पेव रिकामे पडल्यावर त्या जेवणाने कोणालाच वाचवले नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्याची रचना बरोबर होती आणि त्याला हवे होते ते खात्रीचे पाणी. ते आले, पण दुसऱ्या पिकाला गेले. हे ओळखणारे लोक पुण्यातच होते. 1971 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा माणशी रोज 2250 उष्मांकांवर ओढली. त्याच दांडेकरांचे नाव देऊस्कर आणि देशमुख यांच्यासह 1979 च्या अहवालाशी जोडलेले आहे. त्यात कालव्याचे पाणी आठमाही द्यावे, म्हणजे बारमाही उसाऐवजी हंगामी पिकांखालच्या जास्त क्षेत्राला पोहोचवावे, अशी शिफारस होती. उष्मांकांची रेषा पुढे देशभर चर्चेला आली, नियोजनात रुजली. आठमाही पाण्याच्या शिफारशीने मात्र नीरेवरचा ऊस हलला नाही, आणि इंदापूरच्या टेलला पाण्याच्या पाळीचे भांडण अजून दर उन्हाळ्यात होते.