अमेरिकेचं खूळ

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नांना कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला. त्या दिवशी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. ‘हे अमेरिकेचं खूळ आपल्या देशात चालणार नाही.’ खाली हात जोडल्याचे आठ-दहा इमोजी. गाव म्हणजे आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. हातमागासाठी, कोशाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं.

मेसेज टाकणारे काका मला लहानपणापासून ओळखतात. मी उत्तर दिलं नाही. मी समलिंगी आहे हे गावात दोनच माणसांना माहीत आहे, आणि अख्ख्या ग्रुपला एका दमात कळवण्याची माझी इच्छा नव्हती. पण ते तीन शब्द डोक्यात राहिले. इतिहास वाचणाऱ्या माणसाला त्या तीन शब्दांत बरंच काही दिसतं. अमेरिकेतून आपल्याकडे नेमकं काय आलं? आणि जे आलं असं आपण समजतो, ते खुद्द अमेरिकेत तरी केव्हापासून होतं?

आधी कायद्याचं बघू. १५३३ साली इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या राज्यात पुरुषा-पुरुषांतल्या शरीरसंबंधाला फाशीची शिक्षा देणारा कायदा झाला. इंग्रज जहाजात बसून अमेरिकेत वसाहती करायला गेले, तेव्हा हा कायदा सोबत गेला. इकडे आले तेव्हा इकडेही आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तो कलम ३७७ होऊन बसला, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. म्हणजे टेक्ससचा कायदा आणि आपलं ३७७ ही एकाच आजीची नातवंडं. आजीने स्वतःच्या घरातला, म्हणजे इंग्लंड-वेल्समधला, कायदा १९६७ मध्ये सैल केला. टेक्ससचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मोडीत काढला. आपला २०१८ मध्ये गेला.

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं काही मी म्हणणार नाही. आमच्याकडे खडी गंमत असते, दंडार असते. त्यात बाईचं काम पुरुष करतो, त्याला नाच्या म्हणतात. रात्रभर त्याच्या ठुमक्यावर शिट्ट्या पडतात, पैसे उधळले जातात. आणि सकाळी शाळेत एखादा पोरगा जरा नाजूक चालला की त्याला हाक मारतात, ‘ए नाच्या!’ नाच्या होणारा माणूस बहुतेक वेळा बायको-पोरंवाला, शेतीवाडी बघणारा असतो, त्याचा समलिंगी असण्याशी संबंध असेलच असं नाही. पण मंचावर चालतं आणि अंगणात चालत नाही, हा हिशेब आमचा गावचाच आहे. तो शिकवायला कुणी गोरा साहेब आला नव्हता. फक्त आमच्या या हिशेबात पोलीस नव्हता, तुरुंग नव्हता. ते साहेबाने आणलं.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. संततिनियमनाचा उघड प्रचार करतात म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. तरी १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू केलं. त्यात वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ, न लाजता उत्तरं देत. १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर, आणि त्यात हस्तमैथुनाबरोबर समलिंगी संबंधांचाही विषय होता.

कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी.

इथे जरा थांबून ते साल आठवा. महाडचा सत्याग्रह होऊन गेलेला, गोलमेज परिषदा झालेल्या, पुणे करार होऊन दोन वर्षंही झालेली नव्हती. देशभर ज्यांच्या नावाने वाद चालू होते, तो माणूस एका बदनाम मासिकासाठी, हातात फार काही पडणार नाही हे माहीत असताना, कोर्टात उभा राहिला. असल्या विकृत प्रश्नांना उत्तरं छापायचीच कशाला, असा न्यायाधीशांचा सूर होता. बाबासाहेबांचं म्हणणं साधारण असं होतं: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, आणि प्रश्न विकृत वाटत असेल तर त्यावर इलाज ज्ञानाचाच आहे. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी हेही मांडलं की काही माणसांत ही ओढ जन्मजात असेल तर त्यात गैर काय, त्यांना त्यांच्या पद्धतीने सुख मिळवू द्या.

हे १९३४ साली. मुंबईच्या कोर्टात. खटला कर्वे हरले आणि दोनशे रुपये दंड भरून बाहेर आले.

बाबासाहेब अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. मग हा विचार त्यांनी तिकडून आणला, असं काकांना म्हणता येईल का? १९३४ मधली अमेरिका बघा. त्याच वर्षी हॉलिवूडने चित्रपटांसाठीची आचारसंहिता सक्तीने लागू केली आणि तिच्यात समलैंगिकतेचा साधा इशारासुद्धा पडद्यावर दाखवायला बंदी होती. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२४ मध्ये, हेन्री गर्बर नावाच्या माणसाने शिकागोत समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी एक छोटी संस्था रीतसर नोंदवली होती. वर्षभरात पोलिसांनी त्याला पकडलं, संस्था बंद पडली. संघटनेची सुरुवात शिकागोने आधी केली, हे खरं. पण सुख हा त्यांचाही अधिकार आहे असं कोर्टात उभं राहून मांडणारा एवढा मोठा राजकीय नेता त्या काळच्या अमेरिकेतला मला तरी ठाऊक नाही.

भंडाऱ्याचं म्हणून एक जोडून सांगतो. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी आमच्या भंडारा मतदारसंघातून लढवली होती. ते हरले. जिल्ह्यात त्या निवडणुकीबद्दल आजही बोललं जातं, कुणी हळहळून, कुणी अजून चिडून. कर्व्यांच्या खटल्याबद्दल मात्र मी गावात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरांतही नाही.

त्याच सुमाराची अमेरिकेतली गोष्ट. १९५३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक आदेश काढला आणि ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीतून काढण्याचं कारण ठरलं. कम्युनिस्टांची धरपकड चालू होती, त्याच जाळ्यात समलिंगी कर्मचारीही ओढले गेले. म्हणे हे लोक ब्लॅकमेलला बळी पडून देशाची गुपितं फोडतील. आता ब्लॅकमेलची भीती का, तर कळलं तर नोकरी जाईल म्हणून, आणि नोकरी का जाईल, तर सरकार काढील म्हणून! हजारो लोकांच्या नोकऱ्या अशा गेल्या. फ्रँक कॅमेनी नावाचा खगोलशास्त्रज्ञ १९५७ मध्ये असाच काढला गेला. तो गप्प बसला नाही, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथे दार उघडलं नाही, आणि मग उरलेलं आयुष्य त्याने याच लढ्यात घातलं. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधला १९६९ चा उठाव सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याच्या आधीची ही चिवट माणसं फारशी कुणाला माहीत नसतात.

पुढे अमेरिकेतल्या नेत्यांना एक गोष्ट कळली की या भीतीवर मतं मिळतात. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा प्रस्ताव थेट लोकांच्या मतदानाला ठेवला गेला. सॅन फ्रान्सिस्कोचा उघडपणे समलिंगी असलेला लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क गावोगाव फिरला, तो प्रस्ताव पडला, आणि त्याच महिन्यात एका माजी सहकाऱ्याने मिल्कला गोळ्या घातल्या. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्याच दिवशी ११ राज्यांत समलिंगी लग्नबंदीवर कौल मागितला गेला. अकराच्या अकरा ठिकाणी बंदी जिंकली. ज्या देशाचं हे ‘खूळ’ म्हणतात, तिथे ही अवस्था होती.

आता १९९८. या वर्षाची दोन्हीकडची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाचावीत.

जूनमध्ये ट्रेंट लॉट हे अमेरिकी सिनेटमधल्या बहुमताचे नेते समलैंगिकतेची तुलना दारूच्या आणि चोरी करण्याच्या व्यसनाशी करून मोकळे झाले. एका समलिंगी माणसाची राजदूत म्हणून झालेली निवड सिनेटमध्ये अडकून पडली होती. ऑक्टोबरमध्ये वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मारहाण करून कुंपणाला बांधून टाकलं गेलं. काही दिवसांनी तो दवाखान्यात मेला.

डिसेंबरमध्ये मुंबई. दीपा मेहतांच्या ‘फायर’ या सिनेमात दोन जावांचं एकमेकींवर प्रेम बसतं. शिवसेनेच्या महिला आघाडीने थिएटरांवर हल्ला केला, काचा फोडल्या, खेळ बंद पाडले. मुख्यमंत्री होते मनोहर जोशी. त्यांनी तोडफोड करणाऱ्यांचं अभिनंदन केलं आणि सिनेमाचा विषय आपल्या संस्कृतीला परका आहे असं सांगितलं. कायदा-सुव्यवस्था ज्यांच्या हातात, त्यांनीच. नायिकांची नावं राधा आणि सीता का, मुसलमान नावं ठेवा, मग हरकत नाही, असाही सूर बाळासाहेब ठाकरे यांनी लावला. मला हे वाक्य सगळ्यात प्रामाणिक वाटतं. दोन बायकांच्या प्रेमावर खरा आक्षेप नव्हताच, ते ‘त्यांच्यात’ असलं तर चालणार होतं.

दिल्लीत मात्र त्याच आठवड्यात रीगल सिनेमासमोर बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातातल्या फलकावर अर्थ असा होता की मी भारतीय आहे आणि लेस्बियनही आहे. परकं परकं म्हणणाऱ्यांना त्याहून छोटं उत्तर देता आलं नसतं. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत एकही कट न लागता परत पडद्यावर आला.

आणि मराठी रंगभूमीने तर हे सतरा वर्षं आधी करून ठेवलं होतं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये आलं, त्यातली बाईवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केली. तेव्हा कुणी थिएटर फोडलं नाही. मुंबईतून अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ १९९० मध्ये काढलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे अमेरिकेतली आयटीतली नोकरी सोडून परत आले, त्यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत लिहायला लागले. अमेरिकेतून आलेलं काही शोधायचंच असेल तर हे एक सापडतं: परत आलेला मराठी माणूस आणि त्याची मराठी पुस्तकं.

आंधळगावहून नागपूर तासा-दोन तासांवर. तिथल्या भूमिकांवर बाकी देश बारीक लक्ष ठेवून असतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दत्तात्रेय होसबळे २०१६ मध्ये म्हणाले की समलैंगिकता गुन्हा नाही, पण अनैतिक आहे, आणि तिच्याकडे मानसिक प्रकरण म्हणून बघावं. २०१८ च्या निकालानंतर संघाने सांगितलं, गुन्हा नाही, पण नैसर्गिकही नाही. २०२३ च्या जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवतांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन सांगितलं की अशी माणसं पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगू द्यावं. दोनच महिन्यांनी लग्नाला विरोध कायम असल्याचं संघाने स्पष्ट केलं. एवढी वर्षं आम्हाला परकं म्हटलं गेलं आणि अखेर आमची नावं महाभारतात निघाली! हसावं की रडावं कळेना, पण वाद परकेपणाचा राहिला नाही एवढं खरं.

संसदेचं काय विचारता. कलम ३७७ सैल करण्याचं शशी थरूर यांचं खासगी विधेयक डिसेंबर २०१५ मध्ये मांडूसुद्धा दिलं गेलं नाही, ७१ विरुद्ध २४ मतांनी. २०२२ च्या एप्रिलमध्ये बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी समलिंगी लग्नासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, तेही तसंच पडून राहिलं. जे मिळालं ते कोर्टातून मिळालं, ६ सप्टेंबर २०१८ ला.

मग १७ ऑक्टोबर २०२३, ज्या दिवशी काकांचा मेसेज आला. केंद्र सरकारने कोर्टात म्हटलं होतं की ही मागणी शहरी, उच्चभ्रू लोकांची आहे. लग्नाचा मूलभूत हक्क आहे असं पाचही न्यायाधीशांनी मानलं नाही. पण तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्या ‘शहरी’ मुद्द्याला वेगळं उत्तर लिहिलं. समलिंगी माणूस म्हणजे फक्त इंग्रजी बोलणारा, चांगल्या नोकरीतला पुरुष नव्हे, शेतात राबणारी बाईसुद्धा तशी असू शकते, अशा अर्थाचं. निकालाची शेकडो पानं मी फोनवर वाचली. त्या जागी आल्यावर मला भाताच्या बांधीत रोवणी करणाऱ्या आमच्याकडच्या बाया दिसल्या.

त्या निकालाच्या पाठोपाठ, २०२४ मध्ये, केंद्राकडून दोन छोट्या गोष्टी झाल्या. समलिंगी जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडायला आडकाठी नाही, असा खुलासा झाला. आणि रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले समजा, असं राज्यांना कळवलं गेलं. मी नागपुरात ज्याच्यासोबत राहतो, त्याच्याबरोबर बँक खातं आम्ही मागच्या दिवाळीत उघडलं. काउंटरवरच्या मॅडमनी नात्याच्या रकान्यात ‘मित्र’ लिहिलं आणि शिक्का मारला. रेशन कार्डावर माझं नाव अजून आंधळगावलाच आहे, बाबांच्या खाली, तिसऱ्या ओळीत. ते तिथून काढायचं तर मोहाडीच्या तहसीलमध्ये अर्ज द्यावा लागेल, आणि अर्जात कारण लिहावं लागेल.