अवकाळीचा अपराधी कोण?

काही वर्षांपूर्वीच्या वैशाखातील गोष्ट. मृग नक्षत्राला अद्याप तीन आठवड्यांचा अवकाश असताना एका रात्री वादळवारा सुटला आणि पहाटेपर्यंत पाऊस कोसळत राहिला. सकाळी आम्ही आमच्या धर्मग्रामातील वाड्यांतून फेरी मारली, तेव्हा केळी आडव्या झाल्या होत्या आणि आंब्यांखाली कैऱ्यांचा सडा पडला होता. त्याच संध्याकाळी एक वयस्क शेतकरी आमच्याकडे आले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारले, "फादर, शेजारच्या वाडीला काहीच कसे झाले नाही? त्या बाईची नजर चांगली नाही, असे सगळेच म्हणतात."

ती 'बाई' म्हणजे एक निपुत्रिक विधवा. रविवारच्या मिस्साला देवळात शेवटच्या बाकावर बसणारी. आम्ही त्या गृहस्थांना समजुतीचे दोन शब्द सांगून निरोप दिला. परंतु आमचेच समाधान झाले नाही. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना वाचलेली काही पाने त्या रात्री पुन्हा आठवली. ऋतू बिघडला की माणूस अपराधी शोधू लागतो आणि तो अपराधी बहुधा शेजारीच सापडतो, ही त्या पानांची शिकवण आहे. तीत ख्रिस्तसभेची लाज आहे, तसेच तिचे भूषणही आहे.

प्रथम फ्रान्समधील लिओन शहराकडे वळू. इ. स. ८१६ पासून तेथे आगोबार्द नावाचे आर्चबिशप होते. गारपीट व गडगडाट यांविषयी त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्या काळी त्या मुलखातील बहुतेक लोकांची अशी समजूत होती की, काही मांत्रिक मंत्राच्या बळावर वादळ उठवतात, 'मागोनिया' नावाच्या देशाची जहाजे ढगांतून येतात आणि गारांनी झोडपलेले धान्य त्या मांत्रिकांकडून विकत घेऊन जातात! अशा एका जहाजातून खाली पडले म्हणून लोकांनी तीन पुरुष व एक स्त्री अशा चौघांना साखळदंडांनी बांधून दगडांनी ठेचण्यासाठी आणले. आर्चबिशप मध्ये पडले, त्यांनी पुष्कळ वादविवाद केला आणि अखेर सत्य वरचढ ठरले. आणखी एक मार्मिक गोष्ट ते नोंदवतात. धर्मगुरूला दशमांश न देणारे आणि गरिबाला भीक न घालणारे लोक, 'वादळापासून तुमचे शेत राखतो' म्हणणाऱ्या भोंदूला मात्र दरवर्षी न चुकता धान्याचा वाटा देत असत. बाराशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही जुने झाले आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आगोबार्द यांच्यासारखी विवेकी वाणी पुढील शतकांत क्षीण होत गेली. त्यातच युरोपचे हवामान पालटले. साधारण चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या दीर्घ थंड कालखंडाला अभ्यासक 'लघु हिमयुग' म्हणतात. या काळात कित्येक उन्हाळे थंड व ओले गेले. तेथील उन्हाळा म्हणजे पीक पिकण्याचा हंगाम. तो हुकला की वर्षभराची भाकरी हुकली. दुर्दैवाने याच काळात, १४८४ साली, पोप इनोसंट आठवे यांनी काढलेल्या फर्मानात शेतातील पिकांचा व द्राक्षांचा नाश करणाऱ्या चेटक्यांचा उल्लेख आला. जी समजूत आगोबार्द यांनी हसण्यावारी नेली होती, तिला आता अधिकाराचे पाठबळ मिळाले.

त्याचे फळ लवकरच दिसू लागले. ३ ऑगस्ट १५६२ रोजी दक्षिण जर्मनीत भयंकर गारपीट झाली. त्यानंतर वीसेनश्टाइग या छोट्या जहागिरीत ६३ स्त्रियांना चेटकिणी ठरवून मृत्युदंड देण्यात आला. ती जहागीर त्या वेळी प्रोटेस्टंट पंथाची होती. या पापात दोन्ही पंथ सारखेच वाटेकरी होते, हे येथे सांगितले पाहिजे. मात्र दुसऱ्याच्या पापाने आपले पाप हलके होत नाही, म्हणून पुढची कथा आम्ही आमच्याच घरातील सांगतो.

१६२६ सालचा मे महिना संपत आला होता. फ्रांकोनिया प्रांतातील द्राक्षवेलींना नवी पालवी फुटली होती. अशा वेळी एकाएकी थंडीची लाट आली. रात्रीत दव गोठले आणि द्राक्षमळे, राय व बार्ली ही पिके काळी पडली. युद्धाने व महागाईने आधीच गांजलेल्या लोकांनी अधिकाऱ्यांकडे धाव घेतली. त्यांची मागणी एकच होती: हे ज्यांनी केले त्यांना शोधा आणि जाळा.

त्या प्रांतातील बाम्बर्ग व वुर्झबुर्ग या संस्थानांवर कॅथलिक बिशपच राजे म्हणून राज्य करीत. त्यांनी ही मागणी मानली. बाम्बर्गमध्ये तर चेटक्यांसाठी १६२७ साली खास तुरुंग बांधण्यात आला. पुढे १६२८ चा उन्हाळाही इतका थंड गेला की, ते वर्ष उन्हाळ्याविना गेलेले वर्ष म्हणून स्मरणात राहिले. छळ करून एकाकडून कबुली घ्यायची, त्याच्याच तोंडून दुसऱ्यांची नावे वदवायची आणि मग त्यांचाही छळ करायचा, असे हे चक्र फिरत राहिले. १६३१ पर्यंत या दोन संस्थानांत मिळून हजाराहून अधिक माणसे मारली गेली. आरंभी गरीब म्हाताऱ्या स्त्रिया बळी पडल्या. पुढे मुले, नगरशेठ आणि धर्मगुरूसुद्धा सुटले नाहीत. बाम्बर्गचे एक नगराध्यक्ष योहानेस युनियुस यांनी जुलै १६२८ मध्ये तुरुंगातून आपली मुलगी वेरोनिका हिला चोरून पत्र पाठवले. छळाने हात निकामी झाले असतानाही त्यांनी ते लिहिले. आपण निरपराध आहोत आणि वेदना असह्य झाल्यामुळे खोटी कबुली दिली, एवढेच त्यांना मुलीला कळवायचे होते. थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. पत्र मात्र आजही जपून ठेवलेले आहे.

या अंधारात एक दिवा लागला. फ्रीडरिश श्पे हे येशूसंघीय धर्मगुरू. जन्म १५९१ चा. राशोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्यानंतर एकाच वर्षाने, १६१७ मध्ये, तरुण श्पे यांनी रोमला आपल्या महावरिष्ठांकडे अर्ज केला की, आपल्याला 'इंडिया'च्या मिशनकार्यावर पाठवावे. अर्ज नामंजूर झाला. ते मायदेशातच राहिले आणि देवाने त्यांचे कार्य त्यांना तेथेच दाखवले.

मृत्युदंड झालेल्या कित्येक कथित चेटकिणींना श्पे यांनी अखेरच्या घटकेला सोबत केली. त्यांपैकी एकीच्याही ठिकाणी त्यांना अपराध आढळला नाही. १६३१ साली त्यांनी 'काउत्सिओ क्रिमिनालिस' नावाचे लॅटिन पुस्तक लिहिले. ते रिन्टेलन या प्रोटेस्टंट विद्यापीठाच्या गावी, लेखकाचे नाव न घालता छापले गेले. त्यातील युक्तिवाद सरळ आहे. छळ हाच चेटकिणी निर्माण करतो. न्यायाधीशांना किंवा बिशपांना त्याच यंत्रावर चढवले, तर तेही चेटूक कबूल करतील. आणि या साऱ्याचे मूळ कोठे आहे? सामान्य जनांची अंधश्रद्धा, त्यांचा मत्सर आणि पाठीमागे केलेली कुजबुज यांत. या कुजबुजीला अधिकारी शिक्षा करीत नाहीत आणि धर्मगुरू व्यासपीठावरून तिचा निषेध करीत नाहीत, असे श्पे यांनी स्पष्ट लिहिले आहे. हे वाचताना आम्हांला आमच्या दाराशी आलेले ते गृहस्थ आठवले आणि आम्ही अंतर्मुख झालो.

श्पे यांना संघातील काहींचा रोष पत्करावा लागला. १६३५ साली ट्रिअर शहरात लढाई झाली, तेव्हा जखमी व साथीने आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना त्यांनाही रोगाने गाठले आणि ७ ऑगस्ट रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते निवर्तले. तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांनी नोंदवून ठेवले आहे की, तरुणपणी श्पे यांच्या सहवासात आलेले योहान फिलिप फॉन श्योनबोर्न पुढे वुर्झबुर्गचे बिशप व माइन्झचे आर्चबिशप झाले आणि त्यांनी आपल्या राज्यांतील हे खटले बंद केले. अनामिक पुस्तकाचे बीज अशा रीतीने उगवले.

उन्हाळे का बिघडले, हे आता बरेचसे उलगडले आहे. वृक्षांच्या खोडांतील वलये आणि ध्रुवप्रदेशातील बर्फाचे थर तपासून शास्त्रज्ञ जुन्या ऋतूंचा अंदाज बांधतात. फेब्रुवारी १६०० मध्ये दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात वायनापुतिना हा ज्वालामुखी फुटला. त्याच्या गंधकयुक्त धुक्याने सूर्यप्रकाश अडला आणि १६०१ चा उन्हाळा पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात अतिशय थंड गेला; रशियात तर मोठा दुष्काळ पडला. दूरदेशीचा पर्वत फुटावा आणि त्याचा जाब आपल्या गल्लीतील म्हातारीला द्यावा लागावा, असा हा अज्ञानाचा न्याय होता!

आज ऋतू पुन्हा बिघडत आहेत. अवकाळी पाऊस आणि उष्णतेच्या लाटा नित्याच्या झाल्या आहेत. या वेळी मात्र त्यात माणसाचा हात खरोखरच आहे. कोळसा व तेल जाळून आपण हवेत सोडलेल्या वायूंनी पृथ्वी तापत आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात याविषयी आपल्याला सावध केले. पण हा अपराध शेवटच्या बाकावरील विधवेचा नव्हे. तो थोडाथोडा आपणा सर्वांचा आहे, आणि ज्यांनी अधिक उपभोगले त्यांचा अधिक आहे.

आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणी करणी करतो किंवा मंत्राने गुरांचे दूध आटवतो, असा आरोप एखाद्यावर करणे हा त्यात गुन्हा मानला आहे. जर्मनीतील त्या खटल्यांतही दूध आटवल्याचे असेच आरोप असत, हे लक्षात घेतले म्हणजे हा कायदा किती जुन्या जखमेवरचे औषध आहे, हे कळते. कायदा हवाच, परंतु कुजबुज जेथे जन्मते, तेथे कायद्याचे कान पोहोचत नाहीत. तेथे शेजारधर्मच हवा. सिलोहचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभू येशूने केला होता. त्याचे उत्तर त्याने स्वतःच नकारार्थी दिले आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळवले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या गतकालीन पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. आमच्या देवळात आम्ही ती आमच्यापुरती केली. पुढच्या रविवारी प्रवचनात आम्ही आगोबार्द व श्पे यांची कथा सांगितली; कोणाचेही नाव घेतले नाही. काही दिवसांनी ते वयस्क शेतकरी पुन्हा भेटले. म्हणाले, "फादर, त्यांच्या विहिरीचा पंप बिघडला होता. मुलाला पाठवून दुरुस्त करून दिला." आम्ही अधिक काही विचारले नाही.