बेदरकार नौकाचालन

बेदरकार नौकाचालन म्हणजे मानवी जीवितास धोका उत्पन्न होईल किंवा इतरांस इजा होण्याचा संभव असेल अशा अविचारी अथवा निष्काळजी रीतीने नौका चालविणे. समुद्र, खाडी, नदी, तलाव व धरणांचे जलाशय अशा सर्व जलक्षेत्रांत हा प्रकार आढळतो. अतिवेग, टेहळणीचा अभाव, गर्दीच्या जलमार्गात केलेल्या कसरती, मद्यपान करून सुकाणू हाती घेणे आणि क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी नेणे ही त्याची प्रमुख रूपे होत. भारतात हा दंडनीय अपराध आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात 'नीलकमल' या प्रवासी नौकेला झालेल्या अपघातानंतर महाराष्ट्रात या विषयाची व्यापक चर्चा झाली.

व्याप्ती

बेदरकारपणा आणि बेपर्वाई यांत कायद्याच्या दृष्टीने फरक असला, तरी पाण्यावर त्यांची सीमारेषा पुसट असते. दुसऱ्या नौकेच्या अगदी जवळून भरधाव जाणे, पोहणाऱ्यांच्या भोवती घिरट्या घालणे किंवा प्रवासी नौकेच्या समोरून आडवे जाणे ही कृत्ये उघडपणे बेदरकार ठरतात. याउलट मासेमारीच्या जाळ्यांवरून नौका नेणे, धक्क्याजवळ वेग कमी न करणे, उथळ किनाऱ्यालगत इंजिनाचा मोठा आवाज करीत राहणे या गोष्टी अनेकदा केवळ असभ्य वर्तन मानल्या जातात. परंतु जाळे पंख्यात अडकून इंजिन बंद पडले किंवा धक्क्यावरून उतरणारा प्रवासी लाटेने तोल जाऊन पडला, की त्याच वर्तनाचे रूपांतर अपघातात होते. त्यामुळे नौका चालविणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा त्याच्या कृतीमुळे इतरांस कोणता धोका पोहोचला, हा निकष अधिक महत्त्वाचा ठरतो.

पाण्यावरील विशेष धोके

रस्त्यावरील वाहनाला ब्रेक असतो, नौकेला नसतो. इंजिन उलट फिरवून किंवा वेग काढून घेऊनच ती थांबवावी लागते आणि तोपर्यंत ती बरेच अंतर पुढे जाते. नौकेचा वेग 'नॉट' या एककात मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. २५ नॉट वेगाने येणारी नौका सेकंदाला सुमारे १३ मीटर अंतर कापते. म्हणजेच १०० मीटर अंतरावरील दुसऱ्या नौकेपर्यंत पोहोचण्यास तिला आठ सेकंदही लागत नाहीत. वेग दुप्पट झाल्यास आघाताची ऊर्जा चौपट होते.

नौकेच्या मागे उठणारी लाट हा दुसरा धोका होय. लाटेची उंची दुप्पट झाल्यास तिची ऊर्जा चौपट होते. वेगवान नौका अत्यंत संथ असताना किंवा पाण्यावर पूर्णपणे उचलली गेल्यावर तुलनेने लहान लाट निर्माण करते. या दोहोंमधील अवस्थेत तिचा पुढचा भाग वर उठतो, मागचा भाग पाण्यात खचतो आणि सर्वांत मोठी लाट उसळते. म्हणून धक्क्याजवळ किंवा लहान होड्यांजवळ वेग 'थोडासा' कमी करणे काही वेळा अधिक त्रासदायक ठरते. तो पुरेसा कमी करावा लागतो.

तिसरी अडचण दिसण्याची. वेग वाढताना नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर उठल्याने चालकाला समोरची कमी उंचीची होडी किंवा पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही. मावळतीच्या सूर्याची पाण्यावरील तिरीप, पाऊस आणि धुके यांमुळे ही अडचण वाढते.

जलवाहतुकीचे नियम

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली संमत झाले व १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. पाण्यावर पट्टे आखलेले नसतात. त्यामुळे ही व्यवस्था प्रत्येक नौकेच्या सावधपणावर उभी आहे. त्यांतील काही प्रमुख नियम असे :

• डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध सर्व साधनांनी सतत टेहळणी ठेवली पाहिजे.
• वेग नेहमी सुरक्षित हवा. सुरक्षित वेग ठरविताना दृश्यमानता, रहदारी, नौकेची थांबण्याची व वळण्याची क्षमता, वारा, लाटा व प्रवाह यांचा विचार करावा.
• समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावे.
• दोन यांत्रिक नौकांचे मार्ग एकमेकांना छेदत असल्यास, जिच्या उजव्या बाजूस दुसरी नौका असेल तिने वाट द्यावी.
• मागून पुढे जाणाऱ्या नौकेने पुढील नौकेपासून दूर राहावे.
• यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेस, जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेस व नियंत्रण सुटलेल्या नौकेस वाट द्यावी.
• अरुंद जलमार्गात शक्यतो उजव्या कडेने जावे.

जिला वाट मिळावयाची आहे त्या नौकेवरही कर्तव्य असते. तिने आपली दिशा व वेग कायम ठेवावा, म्हणजे दुसऱ्या नौकेस तिच्या हालचालीचा अंदाज येतो. परंतु वाट देणारी नौका काहीच करीत नाही असे दिसल्यास पहिल्या नौकेने स्वतः टक्कर टाळण्याची कृती करावी, असे नियम सांगतो. 'माझा हक्क होता' हा बचाव पाण्यावर पुरेसा ठरत नाही.

भारतातील कायदे

भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम २८० अन्वये बेदरकारपणे जलयान चालविणे हा अपराध होता. सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यासाठी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम २८२ मध्ये कारावासाची मुदत तीच ठेवून दंडाची मर्यादा दहा हजार रुपये करण्यात आली. कलम २८४ अन्वये असुरक्षित किंवा प्रमाणाबाहेर भरलेल्या जलयानातून भाडे घेऊन माणसांची वाहतूक करणे हा स्वतंत्र अपराध आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू होऊ शकते व त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

अंतर्देशीय जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. नौकेची नोंदणी, पाहणी, विमा आणि कर्मचाऱ्यांची पात्रता यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत. महाराष्ट्रातील लहान बंदरे व तेथील प्रवासी जलवाहतूक यांचे नियमन १९९६ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ करते. मुंबई बंदराच्या हद्दीत मुंबई बंदर प्राधिकरणाचा अधिकार चालतो.

कायद्याची रचना पाहता, शिक्षा बहुधा अपघात घडल्यानंतर होते. अपघातापूर्वी रोखण्याचे साधन म्हणजे परवाना, पाहणी व धक्क्यावरील मोजणी होय. या तीन गोष्टी सैल झाल्यास दंडविधानाचा धाक अपुरा पडतो.

'नीलकमल' दुर्घटना

गेटवे ऑफ इंडिया ते घारापुरी (एलिफंटा) हा मुंबईतील सर्वाधिक वर्दळीच्या पर्यटन जलमार्गांपैकी एक आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास या मार्गावरून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर भारतीय नौदलाची एक वेगवान नौका आदळली. नौदलाच्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू होती. इंजिनातील बिघाडामुळे तिच्यावरील नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले. एका प्रवाशाने टिपलेल्या चित्रफितीत ही नौका वेगाने वळण घेऊन थेट प्रवासी नौकेकडे येताना दिसते. धडकेनंतर 'नीलकमल' उलटली.

दोन्ही नौकांवर मिळून ११३ जण होते. त्यांपैकी १५ जणांचा मृत्यू झाला व ९८ जण वाचले. मृतांत प्रवाशांबरोबर नौदलाच्या नौकेवरील व्यक्तीही होत्या. नौदल, तटरक्षक दल व सागरी पोलीस यांच्या नौकांबरोबरच जवळपासच्या इतर नौकांनीही बचावकार्यात भाग घेतला. कुलाबा पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ व २८२ सह इतर कलमांखाली गुन्हा नोंदविण्यात आला आणि नौदलाने स्वतंत्र चौकशी सुरू केली. राज्य शासनाने मृतांच्या नातेवाइकांना प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली.

या घटनेत दोन निराळे प्रश्न एकत्र आले. पहिला प्रश्न धडक देणाऱ्या नौकेचा : प्रवासी वाहतुकीच्या मार्गालगत वेगवान नौकेची चाचणी घ्यावी काय? दुसरा धडक बसलेल्या नौकेचा : 'नीलकमल'ची परवानाप्राप्त क्षमता ८४ प्रवासी व ६ कर्मचारी इतकी असताना तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती आणि अनेक प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. टक्कर दुसऱ्याच्या चुकीने झाली, तरी तिच्यातून किती जण वाचतील हे पुष्कळ अंशी आपल्या नौकेच्या सज्जतेवर अवलंबून असते. अपघातानंतर गेटवे येथे प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

महाराष्ट्रातील अन्य दुर्घटना

राज्यातील बहुतेक जलदुर्घटनांत टकरीपेक्षा अतिभार, वादळाकडे दुर्लक्ष व जॅकेटांचा अभाव ही कारणे दिसतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाणारी 'रामदास' ही बोट खवळलेल्या समुद्रात उलटून सहाशेहून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणू येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नौका उलटली व त्यात विद्यार्थिनी दगावल्या. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्ली येथे पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील नौका वादळी वाऱ्यात बुडून सहा जणांनी प्राण गमावले.

परदेशातील उदाहरणे

२० ऑगस्ट १९८९ रोजी लंडनमध्ये टेम्स नदीवर 'बोबेल' या वाळूवाहू जहाजाने 'मार्शनेस' या सहलीच्या नौकेस धडक दिली. त्यात ५१ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही जहाजांवर पुरेशी टेहळणी नव्हती, असे चौकशीत आढळले. २००२ मध्ये टेम्सवर चार बचाव केंद्रे सुरू झाली. २९ मे २०१९ रोजी बुडापेस्ट येथे डॅन्यूब नदीवर मोठ्या पर्यटन जहाजाने लहान 'हाब्लेआन्य' नौकेस मागून धडक दिली. त्यात एका बेपत्ता व्यक्तीसह २८ जणांचा बळी गेला. मोठ्या जहाजाच्या कप्तानास २०२३ मध्ये साडेपाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

बेदरकार नौकेला तोंड देताना

दुसरी नौका धोकादायक रीतीने येत असल्यास तांडेलाने प्रथम तिच्या दिशेचे निरीक्षण करावे. तिची दिशा आपल्या नौकेवरून पाहता बदलत नसेल आणि अंतर मात्र घटत असेल, तर टक्कर होणार असे समजावे. भोंग्याचे पाच अथवा अधिक लघु आवाज 'तुमचा हेतू कळत नाही' असा इशारा देतात. तेवढ्याने भागले नाही तर वेग कमी करावा किंवा दुसऱ्यास स्पष्ट दिसेल असे मोठे वळण घ्यावे. डाव्या बाजूने येणाऱ्या नौकेसमोर शक्यतो डावीकडे वळू नये. लहान लहान वळणांनी गोंधळ वाढतो.

मोठी लाट येत असल्यास नौकेचा वेग कमी करून तिची नाळ लाटेकडे तिरकी वळवावी. लाट बाजूने आडवी लागू देऊ नये. उभ्या प्रवाशांना खाली बसवावे. लाट पाहण्यासाठी सर्व जण एका बाजूस धावल्यास नौका कलते.

अशा नौकेचा पाठलाग करणे किंवा तिला अडविणे टाळावे, कारण त्यामुळे एका बेदरकार नौकेच्या जागी दोन होतात. नोंदणी क्रमांक, नौकेचे नाव व रंग, वेळ, ठिकाण आणि दिशा टिपून ठेवावी. शक्य असल्यास चित्रण करावे. तक्रार सागरी पोलीस ठाण्याकडे, महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाकडे किंवा मुंबई बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरणाकडे करता येते. समुद्रात तातडीची मदत हवी असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक व रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी, तसेच सर्वत्र ११२ हा क्रमांक उपलब्ध आहे.

प्रवाशांची भूमिका

महाराष्ट्रातील मोठ्या लोकसंख्येला नौकेची सवय नसते. मांजरसुंब्यासारख्या बालाघाटाच्या डोंगरावरील गावांत बारमाही जलमार्ग नाही. तेथील रहिवाशांचा नौकेशी संबंध बहुधा कोकण-मुंबईच्या सहलीत, किंवा सिंदफणेवरील माजलगाव व मांजरा नदीवरील धनेगाव यांसारख्या जलाशयांच्या काठी येतो. अशा प्रवाशाला नियम मोडला जात आहे हे ओळखता येत नाही आणि ओळखले तरी बोलण्याचा संकोच वाटतो. शालेय सहलींच्या बाबतीत ही जबाबदारी सोबतच्या शिक्षकांवर येते.

नौकेत चढण्यापूर्वी परवानाप्राप्त प्रवासी संख्येचा फलक पाहणे, प्रत्येकास जॅकेट मिळाले आहे व त्याचे पट्टे बांधले आहेत याची खात्री करणे, लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे जॅकेट मागणे या साध्या गोष्टी होत. जॅकेट आसनाखाली ठेवलेले असून भागत नाही. नौका उलटल्यावर ते शोधून घालण्यास अवधी मिळत नाही. संख्या अधिक असल्यास पुढील नौकेची वाट पाहणे हा प्रवाशाचा अधिकार आहे. नौका उलटल्यास, ती पाण्यावर तरंगत असेपर्यंत तिला धरून राहणे साधारणतः अधिक सुरक्षित असते. किनारा जवळ दिसला तरी पोहत जाण्यात दमछाक व प्रवाह यांचा धोका असतो.