चांद्याचा परकोट : दगड आणि नावे

यवतमाळ जिल्ह्यातील वणीहून पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, लागते. गोंड राजांच्या या राजधानीभोवतीचा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा असून आजही बव्हंशी उभा आहे. आतले गाव मात्र ओसाड झालेले नाही. परकोटाच्या आत माणसे राहतात, बाजार भरतो, आणि जटपुरा दरवाजातून रोजची रहदारी चालते.

परंपरा सांगते की, खांडक्या बल्लाळशाहाने शिकारीच्या वेळी एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले आणि त्या धावेच्या मार्गावर तट आखला. गोंडांची ही कथा कागदावर आली ती १८६९ साली, मेजर लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या जमाबंदी अहवालातून. दंतकथा म्हणून ती बाजूला सारणे सोपे आहे. पण दुर्बळाने उलटून धरलेल्या धैर्यावर आपल्या राजधानीची रेषा आखणारा समाज स्वतःविषयी काय मानत होता, हे त्यातून उमगते.

इतिहासाने त्या धैर्याची कसोटी पाहिली. १७५१ साली गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पुढे आप्पासाहेब भोसल्यांच्या साहाय्याच्या आशेने चांद्याकडे निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाचा १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ पराभव झाला. तेच इंग्रज सैन्य मग चांद्यावर चालून आले आणि मे महिन्यात तोफांनी तटाला खिंडार पाडून ते आत शिरले.

लष्करी अर्थाने परकोट तेथेच संपला. उरली ती नावे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या चार दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे. त्यांच्या जोडीला पाच खिडक्या आहेत : हनुमान, विठोबा, चोर, मसण आणि बगड. भक्ती, चोरी, मरण यांचे शब्द भिंतीतल्या या लहान वाटांना चिकटून राहिले. गॅझेटियरात राजांच्या वंशावळी सापडतात. सामान्यांच्या ये-जा करण्याचा दाखला मात्र या नावांत आहे.

२०१७ पासून 'इको-प्रो'च्या स्वयंसेवकांनी तटावरची झाडेझुडपे व कचरा हटविण्याचे काम हाती घेतले. दगड त्यामुळे वाचतील. 'मसण खिडकी' हा शब्द मात्र कोणतीही मोहीम वाचवू शकत नाही. तो बोलणाऱ्यांच्या तोंडी राहिला, तरच टिकेल.