खानावळीची चूल आणि सरकारचा कर

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी धर्मपुरीपाशीं सोलापूर जिल्ह्यांत शिरते आणि नातेपुतें, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे जाते. या वाटेवर चहा, जेवण आणि रात्रीचा निवारा विकून संसार चालविणारीं माणसें पुष्कळ. त्यांचा इतिहास लिहूं गेल्यास हातीं लागतो तो मुख्यतः त्यांच्यावर बसलेल्या करांचा.

माळशिरस तालुका १८७५ मध्यें सातारा जिल्ह्यांतून सोलापूर जिल्ह्यांत आला. दुसऱ्याच वर्षीं पाऊस गेला आणि १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला. पुढील दुष्काळांसाठीं निधि हवा म्हणून लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें १८७८ मध्यें धंद्यांवर लायसेन्स कर बसविला. मुंबई इलाख्यांत वर्षाकांठीं अवघे १०० रुपये मिळविणाराहि त्यांत सांपडला. म्हणजे जो दुकानदार नुकताच दुष्काळांतून उठला होता, त्याच्याच गल्ल्यांतून दुष्काळाचा विमा काढावयाचा! सुरतेस व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद केलीं, दंगल झाली. अखेर १८८० मध्यें ५०० रुपयांच्या आंतील उत्पन्नास सूट मिळाली आणि लहान दुकानदार सुटला.

सुटला खरा, परंतु मिठाच्या करांतून त्यास कोण सोडविणार? १८८८ मध्यें हा कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढें तो उतरला. १९२३ मध्यें मध्यवर्ती विधिमंडळाचा विरोध डावलून तो सव्वा रुपयावरून पुन्हां अडीच रुपयांवर नेण्यांत आला व वर्षभरांत खालीं आणावा लागला. हा कर मागावयास कारकून खानावळीच्या दारीं कधीं आला नाहीं. तो मिठाच्या पोत्यांतूनच येई. शंभर पानें वाढणारानें शंभर पानांच्या मिठाचा कर भरावा, मग दिवसाअखेर नफा होवो वा न होवो.

मिठाचा कर १९४७ मध्यें गेला. पण मालांतून येणाऱ्या कराची ही तऱ्हा गेली नाहीं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. वर्षाला २० लाखांच्या आंत उलाढाल असलेल्या उपाहारगृहास त्याची नोंदणी करावी लागत नाहीं; दीड कोटीपर्यंतच्यास उलाढालीवर ५ टक्के भरून मोकळें होतां येतें. सवलत चांगलीच आहे. मात्र घरगुती गॅसच्या टाकीवर ५ टक्के कर, तर धंद्याच्या १९ किलोच्या टाकीवर १८ टक्के. आणि हा भरलेला कर अशा खानावळवाल्यास वजा करून मिळत नाहीं. तो मिळतो कोणास? ज्या हॉटेलांत खोलीचें भाडें दिवसाला साडेसात हजारांवर, तेथील भोजनगृहास! तें गिऱ्हाइकाकडून १८ टक्के घेतें आणि आपल्या खरेदीवरील कर त्यांतून वळता करतें.

लॉजची कथा निराळी नाहीं. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीस १८ जुलै २०२२ पर्यंत कर नव्हता. त्या दिवशीं नोंदणीकृत लॉजांवर तो एकदम १२ टक्के झाला; २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला, पण खरेदीवरील कराची वजावट गेली.

भाव वाढवावा, असें सांगणें सोपें आहे. वारीच्या दिवसांत गांवकरी वारकऱ्यांस फुकट चहा पाजतात, फराळ वाटतात. तें पुण्यकर्मच; त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण त्यांच्या शेजारीं उभ्या असलेल्या टपरीवाल्यानें पेल्यामागें दोन रुपये चढवावे कोणत्या तोंडानें? मग तो दुधांत हात आखडतो, पेला लहान करतो, किंवा हाताखालचा पोऱ्या काढून घरच्या बाईला चुलीपुढें उभी करतो. तिच्या त्या श्रमांची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं.

पालखी माळशिरसास एक रात्र राहते आणि पहाटे वेळापूरची वाट धरते. उरलेलें वर्ष बाजारास आलेल्या आणि तहसील कचेरींत खेटे घालणाऱ्या माणसांच्या चहावर काढावयाचें असतें; आणि महागाई वाढली कीं तो माणूस प्रथम सोडतो तो दुसरा पेला.