नवी सिस्टिम, जुनी अक्षरे

जुना प्रोग्रॅम नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेताना सगळी चिंता प्रोग्रॅमची केली जाते. मराठी संगणकाची कुळकथा पाहिली, तर अडचण प्रोग्रॅमच्या वयात नव्हती, मजकूर साठवण्याच्या रीतीत होती असे दिसते. म्हणूनच सर्वांत जुन्या पिढीचा मजकूर आजच्या सिस्टिमवर तुलनेने सहज आला आणि तिच्यानंतरच्या पिढीचा अडकून पडला.

ही जुनी पिढी म्हणजे जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. डॉसवर चालणाऱ्या संगणकात हे कार्ड बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेससारख्या प्रोग्रॅममध्ये एक ओळही न बदलता देवनागरी उमटे. प्रोग्रॅम फक्त आकडे हाताळी. त्यांना अक्षररूप देण्याचे काम कार्ड करी. हे आकडे इस्की या संकेतप्रणालीचे होते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला आयएस १३१९४ हे मानक म्हणून मान्यता दिली. युनिकोडमधला देवनागरीचा विभागही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतला. त्यामुळे इस्कीतून युनिकोडमध्ये जाणे हे बहुतांशी एका तक्त्याचे काम राहिले.

मधल्या काळात विंडोज आले. तिथे अक्षरे खुद्द सिस्टिमच चित्रासारखी काढू लागली आणि कार्डाची वाट बंद झाली. मग श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांनी, आणि खुद्द सी-डॅकनेही, वर्णांऐवजी आकारांना संकेत दिले. याचा परिणाम बारामती तालुक्यातल्या एका गावाच्या नावातच दिसतो. ‘पिंपळी’ इस्कीत आणि युनिकोडमध्ये ‘प’ने सुरू होते. आकारांच्या क्रमाने साठवले, तर पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी ती येते आणि ‘प’ नंतर. गावांच्या अकारविल्हे यादीत पिंपळी मग पणदऱ्याच्या जवळपासही सापडत नाही. रफाराचे याच्या उलट: उच्चारात तो आधी, आकारांच्या रांगेत नंतर. त्यातच प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे. म्हणून फॉन्टगणिक वेगळा परिवर्तक लिहावा लागला, आणि त्याला नुसती अदलाबदल पुरेना; वर्णांचा क्रमही नव्याने लावावा लागला.

यावर आक्षेप येईल, की त्या काळच्या विंडोजला जोडाक्षरे घडवताच येत नव्हती. विंडोज २००० पर्यंत दुसरा मार्ग कोणता होता? छपाईपुरते हे मान्य करायला हवे. आकारांच्या संकेतांवाचून मराठी डीटीपी उभेच राहिले नसते. पण कागदावर नीट उमटणे ही छपाईची गरज. सातबारा किंवा सभासदयादी यांना शोधता येणे, क्रम लावता येणे याहून महत्त्वाचे. छपाईची सोय नोंदींच्या साठवणीसाठी वापरली गेली, तिथे चूक झाली. दुसरा आक्षेप असा, की डॉसबॉक्ससारख्या साधनाने जुना प्रोग्रॅम आहे तसा चालवता येतो. चालतो, पण तेवढ्याने आतली नोंद बाहेरच्या प्रोग्रॅमला कळू लागत नाही. ६४ बिटी विंडोज तर जुने १६ बिटी प्रोग्रॅम मुळात उघडतच नाही.

युनिकोडही निर्दोष नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो आणि शोध चुकतो. पण ही रीत सर्वांसमोर मांडलेली आहे, त्यामुळे दुरुस्तीही सर्वांना एकदाच करता येते. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये बंद असलेल्या नोंदीला ही सोय कधीच नव्हती. नवी सिस्टिम घेताना प्रोग्रॅम चालेल का, हा प्रश्न म्हणूनच दुसरा. त्यातली माहिती त्या प्रोग्रॅमशिवाय वाचता येईल का, हा पहिला.