वऱ्हाडांतील घरांचें बाह्यांग

मराठी मुलुखांतील जुन्या कागदपत्रांत गांवाचे दोन भाग सांगितलेले आढळतात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पूर्णेच्या खोऱ्यांत हा भेद नुसता शब्दांचा नाहीं. तेथील काळी माती कापसाला कामधेनु, परंतु घराला वैरीण. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला खोल भेगा पडतात. अशा मातीची भिंत टिकावयाची कशी? म्हणून घर बांधावयाचें तें पांढरीवर, आणि पांढरीच्याच मातीनें, अशी येथील पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. शेजारच्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत शेती न करणाऱ्या लोकांवरील करालाहि ‘पांढरी’ हेंच नांव होतें.

या घरांच्या भिंतींचें बाहेरचें अंग, म्हणजे लिंपण, दर्शनी वीट व गिलावा, यांचा इतिहास आम्हांस येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. विषय क्षुल्लक भासेल. परंतु वाडवडिलांच्या घराची बाहेरची बाजू खरवडून तेथें नवी चढवावी कीं काय, हा प्रश्न आज अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ कुटुंबांपुढें आहे. आणि त्याचें उत्तर चुकल्यास तीनचार पिढ्या उभें असलेलें घर थोड्याच पावसाळ्यांत खचूं लागतें.

गरिबाचें घर तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या कुडाचें असे व त्यावर शेणमातीचा लेप असे. खाऊनपिऊन सुखी असलेल्याच्या घराला जाड मातीची भिंत व वर धाबें. दोहोंचेंहि बाह्यांग माती, शेण व भुसा यांचेंच. पावसानें तें दरवर्षीं धुऊन जाई व दिवाळीच्या सुमारास तें पुन्हां घातलें जाई. ही दरिद्री माणसाची तात्पुरती सोय होती असें समजणें बरोबर नव्हे. झिजावयाचें तें लिंपणानें, भिंतीनें नव्हे, अशी ती योजना होती. हें काम बहुधा घरच्या स्त्रियाच करीत. त्याबद्दल कोणाला मजुरी मोजावी लागत नसे. म्हणूनच त्या श्रमाची नोंद दप्तरांत क्वचितच आढळते.

लिंपण पावसाला पुरे पडे. लुटारूला पुरे पडत नसे. देशमुखांनीं गांवोगांवीं पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या गढ्या उभारल्या त्या याच भयानें. बाळापूरचा किल्ला, जो इ. स. १७५७ मध्यें पुरा झाला, त्याच्या उंच तटांची वीट आजहि पाहण्यासारखी आहे. पुढें पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला, तेव्हां अमरावतीच्या व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठीं निजामाच्या सरकारानें १८०७ सालीं दगडी परकोट बांधावयास घेतला. तो १८२१ च्या सुमारास पुरा झाला. त्याचा घेर सुमारें सव्वा दोन मैल आहे. जवाहर गेट, अंबा गेट हीं नांवें शहरांत अद्याप रोजच्या बोलण्यांत आहेत. हा परकोट म्हणजे सबंध गांवानें मिळून पांघरलेलें एकच बाह्यांग, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें व कापसाचे भाव चढले. १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी वऱ्हाडांतून नागपूरला पोंचली. पैसा आला आणि दरोड्याचें भय ओसरलें, तेव्हां घराला आपला चेहरा दाखविण्याची हौस वाटूं लागली. मेळघाटच्या सागवानाचे खांब व दर्शनी बाजूस भाजलेली वीट आली. परंतु अनेक वाड्यांतून ही वीट केवळ पुढच्या अंगालाच असे. तिच्या पाठीशीं भिंतीचा गाभा कच्च्या मातीचाच राही. सांधे व गिलावा चुन्याचा. घाणींत मळलेल्या त्या चुन्यांत गूळ व बेलफळाचा गर घालीत. असा चुना हळूहळू कठीण होतो. पण भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. जुन्या मातीशीं त्याचें जमलें तें यामुळेंच.

यानंतर सिमेंट आलें. जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें इंग्लंडांत त्याचें पेटंट १८२४ मध्यें घेतलें. हिंदुस्थानांत पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्यें सुरू झाला. नव्या इमारतींना या पदार्थानें मोठाच आधार दिला, याबद्दल वाद नाहीं. परंतु मातीच्या गाभ्यावर सिमेंटचा गिलावा दिला म्हणजे ओल आंत कोंडते. त्यांतून पूर्णेच्या दोहों तीरांवर खारपाण पट्टा पसरलेला. जमिनींतील खारें पाणी भिंतींत वर चढतें. वाट मिळाली तर तें लिंपणांतून सुकून जातें व क्षार लिंपणालाच खातो. वाट न मिळाल्यास क्षाराचे कण गिलाव्याच्या मागें सांठतात व तेथें लोणा लागतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, आणि आंत तिचें पीठ होत असतें.

हा अनुभव एकट्या वऱ्हाडाचा नाहीं. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत रांचोस द ताओस येथें मातीच्या विटांचें जुनें प्रार्थनामंदिर आहे. दरवर्षींचा खटाटोप चुकावा म्हणून १९६७ मध्यें त्याला सिमेंटचा कठीण गिलावा देण्यांत आला. थोड्याच वर्षांत आंतली ओल भिंती पोखरूं लागली. तेव्हां १९७९ मध्यें तो सर्व गिलावा काढून पूर्ववत्‌ मातीचें लिंपण करण्यांत आलें. आजहि गांवकरी एकत्र जमून तें दरवर्षीं नवें करतात.

म्हणून सर्वांनीं पुन्हां शेणमातीकडे वळावें असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. ज्या श्रमावर तें लिंपण टिकून होतें, तो श्रम घरांतील स्त्रियांवर पुन्हां लादावा असें कोणीहि विचारी मनुष्य म्हणणार नाहीं. पक्क्या विटांच्या घराला सिमेंट खुशाल द्यावें. परंतु गाभा मातीचा असेल तेथें चुन्याचा गिलावा हाच मध्यम मार्ग होय. तो दरवर्षीं करावा लागत नाहीं, आणि भिंतीचा श्वासहि कोंडीत नाहीं. तो जाणणारा गवंडी आज शोधावा लागतो व त्याची मजुरी अधिक पडते, हें खरें. पण भिंत नव्यानें उभारण्यापेक्षां ती कमीच आहे. तेव्हां घराचें बाह्यांग बदलूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें रंगाचा व नमुन्याचा विचार मागाहून करावा. प्रथम जोत्याजवळचा वीतभर गिलावा काढून आंत वीट आहे कीं पांढरी, एवढें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.